पळून आलेले मूल

(अभ्यासासाठी वाचन : मत्तय १८ : १-१४)



उन्हाळ्याची सुट्टी संपत आली. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरल्या आहेत आणि त्यांच्यावरची पुसट झालेली नावे पुन्हा रंगवली जात आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या या वनपट्ट्यात शिकायचे म्हणजे कितीतरी मुलांना घर सोडावे लागते. कोणी आश्रमशाळेत जातो, कोणी सिस्टरांच्या वसतिगृहात, कोणी तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे. सहा-सात वर्षांचे मूल पेटी घेऊन एसटीत बसते ते पोळ्याला, नाहीतर थेट दिवाळीलाच परत दिसते.

पहिल्या महिन्यात मात्र दरवर्षी एखादे मूल मध्येच घरी येते. पेटी तिकडेच राहिलेली, पायांत चप्पल नाही, तोंडातून शब्द नाही. मग आपण काय करतो? आई जेवू घालते, बाप दोन फटके देतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने त्याची रवानगी होते. शेजारी विचारतात तेव्हा, "अभ्यासाचा कंटाळा, दुसरे काय," असे सांगून आपण मोकळे होतो. ते का पळून आले, हे विचारायचे राहून जाते. आजच्या अभ्यासात आपण त्या राहून गेलेल्या प्रश्नाकडे वळू या.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आपल्या ओळखीचा आहे. स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, असे शिष्य विचारतात आणि प्रभू येशू एका बालकाला बोलावून त्यांच्या मध्ये उभे करतो. मग जात्याच्या तळीचे ते कठोर शब्द येतात. लहानांना अडखळण आणणाऱ्याविषयी प्रभू इतके कडक बोलतो की वाचताना आपला आवाज आपोआप खाली येतो. आणि लगेच हरवलेल्या मेंढराचा दाखला येतो. हा दाखला आपण सहसा लूककडून ऐकतो. तिथे तो पापी माणसाच्या पश्चात्तापाविषयी आहे. मत्तयात तो त्या बालकाला समोर ठेवून, लहानांविषयी सांगितला आहे. 'लहान' या शब्दात साधेभोळे श्रद्धावंतही येतात असे बायबलचे अभ्यासक सांगतात, आणि ते बरोबरच आहे. तरी शिष्यांच्या मध्ये उभे आहे ते खरेखुरे मूल आहे, हे विसरून कसे चालेल?

त्या दाखल्यातील दोन गोष्टींकडे लक्ष द्या. शंभरांतले एक कमी आहे हे मेंढपाळाला कळले, कारण तो मोजत होता. आणि मेंढरू सापडल्यावर त्याने काठी उगारली असे कुठेही लिहिलेले नाही. त्याला आनंद झाला, एवढेच लिहिले आहे. मोजणे आणि शोधायला निघणे, या दोन कामांत मुलांच्या सुरक्षिततेचा बराचसा भाग येतो असे आम्हांला वाटते.

हे पुस्तकी बोलणे नाही. आपल्याच जंगलात, हेमलकसाला, हे घडलेले आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात केली. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी दवाखाना चालवला आणि १९७६ साली माडिया मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्यांचा तो मुलूख पावसाळ्यात जगापासून तुटायचा. शाळा म्हणजे काय, हे पालकांनाच ठाऊक नव्हते; मुलांना कुठून असणार? माडिया बोलीला स्वतःची लिपी नाही आणि पुस्तके मराठीत. ज्याने गाव आणि रान यांपलीकडे काही पाहिले नाही, त्याच्यापुढे आगगाडीचा आणि समुद्राचा धडा. मुले टिकत नसत. संधी मिळताच रानवाटेने घर गाठत. प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी त्या दिवसांविषयी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

आता त्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने कुंपण उंच केले असते, फाटकाला कुलूप लावले असते. पळणाऱ्याला धाक बसेल अशी शिक्षा केली असती. हेमलकशाच्या मंडळींनी गावोगाव जाऊन मुले पुन्हा आणली आणि पालकांशी बोलणे केले. ते स्वतः माडिया शिकले. शिकवताना मुलांच्या ओळखीच्या गोष्टींचा आधार घेतला. थोडक्यात, मुलात काय खोट आहे हे शोधण्याऐवजी शाळेत काय कमी आहे ते त्यांनी शोधले. त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले, हे आज सर्वांना माहीत आहे. आमटे दांपत्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा वर्तमानपत्रे दवाखान्याच्या आणि बिबट्यांच्या छायाचित्रांनी भरली होती. पळालेल्या पोराच्या मागे रानातून चालत जाणाऱ्या गुरुजींचे छायाचित्र कुठे पाहिल्याचे आठवत नाही.

बिबट्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. प्रकल्पातले प्राण्यांचे अनाथालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याची सुरुवात एका माकडाच्या पिलापासून झाली. शिकारी मेलेली माकडीण घेऊन चालले होते आणि पिलू तिला बिलगलेले होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले. पुढे अस्वले आली, बिबटे आले. ज्या डॉक्टरांच्या अंगाखांद्यावर ही जनावरे खेळत, त्यांच्या हातात चाबूक नसे.

हे वाचताना आम्हांला संत जॉन बॉस्को यांचे ते प्रसिद्ध स्वप्न आठवते. इटलीतल्या एका खेड्यातला हा बापाविना वाढलेला मुलगा नऊ वर्षांचा असताना स्वप्नात काही पोरांना भांडताना, शिव्या देताना पाहतो आणि मुठी वळून त्यांच्यात घुसतो. तेव्हा एक तेजस्वी पुरुष त्याला थांबवतो आणि सांगतो की यांना मारून नव्हे तर प्रेमाने व सौम्यपणाने जिंकायचे आहे. मग त्या पोरांच्या जागी त्याला अस्वले, कुत्री, मांजरे दिसतात आणि पाहता पाहता त्यांची कोकरे होतात. मुठी वळून घुसलेला तो मुलगा मोठेपणी तुरिन शहरातील रस्त्यावरच्या पोरांचा बाप झाला. १८७७ साली त्यांनी आपली शिक्षणपद्धती थोडक्यात लिहून काढली आणि तिला प्रतिबंधक पद्धती असे नाव दिले. नाव जरा जड आहे, अर्थ सोपा आहे. एक गुरुजी नियम सांगतो, लांब उभा राहतो आणि चुकणाऱ्याला पकडून शिक्षा करतो. दुसरा मुलांमध्येच वावरतो, त्यांच्याबरोबर खेळतो, आणि चूक होण्याआधीच हात धरतो. डॉन बॉस्कोंनी दुसरा मार्ग धरला. समजावणे, धर्म आणि वात्सल्य हे त्याचे तीन खांब.

"पण छडीशिवाय पोर सुधारत नाही, बायबलमध्येच लिहिले आहे," असे आपल्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ काका नेहमी म्हणतात. नीतिसूत्रांच्या पुस्तकात छडीचा उल्लेख आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण त्याच बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीने धीर येतो असे म्हटले आहे. मार देणाऱ्या काठीने कोणाला धीर येतो? संत पौल इफिसकरांस लिहिताना बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका. आणि प्रभूने मुलांना जवळ घेतले, आशीर्वाद दिला, त्यांना हाकलणाऱ्या शिष्यांवर मात्र तो रागावला. शुभवर्तमानात मुलांच्या बाबतीत फटकार खाल्ली आहे ती मोठ्यांनी.

काकांना आम्ही दुसरी गोष्ट अशी सांगू की काळ बदलला आहे आणि कायदाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींवर बंदी आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत काय झाले ते आपण वाचले. सहावीतल्या एका मुलीला शाळेत उशिरा आल्याबद्दल उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. त्यानंतर ती आजारी पडली आणि काही दिवसांत दवाखान्यात दगावली. उठाबशा म्हणजे काय मोठी शिक्षा, आपणही काढल्या होत्या, असे म्हणणारे त्या दिवशी गप्प झाले.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल अत्याचारांविषयी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यासाठी १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांना विचारण्यात आले. त्यांत महाराष्ट्रही होता. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. बहुतेकांनी तोपर्यंत हे कोणालाही सांगितले नव्हते. आम्हांला यातला शेवटचा भाग सर्वांत भीतीदायक वाटतो. मूल बोलत नाही. मारकुट्या गुरुजीला घाबरणारे मूल त्याच गुरुजीला येऊन आपले दुःख कसे सांगेल? छडीने पोर सुधारते की नाही हा वाद बाजूला ठेवा. छडीने ते मुके होते एवढे नक्की.

आणि मुक्या मुलाचे काय होते, हे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यानेच पाहिले आहे. एप्रिल २०१९ मध्ये राजुऱ्यातील एका खाजगी शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. मुली आजारी पडल्या, दवाखान्यात नेल्या गेल्या आणि डॉक्टरांना संशय आला, तेव्हा कुठे गोष्ट बाहेर आली. वसतिगृहाची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनाच अटक झाली. त्या वेळी काही पुढारी मंडळींनी, पालक भरपाईच्या आशेने तक्रारी करत आहेत, असे बोलून दाखवले. नंतर माफीही मागितली गेली. पण शब्द जाऊन बसायचा तिथे बसला. ज्या आईबापांनी लेकीला शिकायला पाठवले, त्यांना आपणच संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये याहून लहान मुली होत्या, बालवर्गातल्या. एका मुलीने घरी दुखत असल्याचे सांगितले आणि घरच्यांनी ते मनावर घेतले म्हणून पुढचे सारे कळले. पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांविषयी कडक सूचना दिल्या. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी, हा आदेश तर २०२२ पासूनच आहे. आपल्या मुलांच्या शाळेत ती आहे का? असल्यास तिची शेवटची बैठक कधी झाली? पालकसभेत उभे राहून एकाने जरी विचारले तरी कागदावरची समिती जागी होते.

आपण कॅथलिक आहोत म्हणून आपल्या संस्था या साऱ्यांतून सुटल्या आहेत असे समजण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेने या बाबतीत जगभर लाज पत्करली आहे. मुलांपेक्षा संस्थेचे नाव जपले गेले, तक्रार करणाऱ्याला गप्प केले गेले. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये नियम घालून दिला की अशी तक्रार कानावर आली तर धर्मगुरू आणि व्रतस्थांनी ती वरिष्ठांना कळवलीच पाहिजे. देशाचा कायदाही पाळायचाच आहे. पॉक्सो कायदा २०१२ चा. त्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा. मग तो फादर असो, मुख्याध्यापक असो, वसतिगृहाची सिस्टर असो की शेजारी. गावात बसून, दोन्ही घरच्यांना बोलावून, पैसे देऊन मिटवण्याची जी रीत आहे ती त्या मुलाला दुसऱ्यांदा मारते. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही फूटपट्टी चालत होती, हे आम्ही इथे कबूल करतो. गेल्या वर्षी ती काढली. वर्गात गोंधळ थोडा वाढला आहे, आणि प्रश्न विचारणारी मुलेही वाढली आहेत.

मार आणि अत्याचार यांच्यापलीकडेही जिवाला धोका असतो, तो साध्या दुर्लक्षाचा. राज्यातल्या आश्रमशाळांतील मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पंधरा वर्षांत एक हजाराहून अधिक मुले गेल्याचे २०१६ मध्ये समोर आले. ताप, सर्पदंश, अपघात; आणि कित्येकांच्या मृत्यूचे नेमके कारणही नोंदलेले नव्हते. म्हणून पेटी पोहोचवायला जाल तेव्हा वह्या-पुस्तकांपेक्षा आधी झोपायची जागा पाहा. मुले खाटेवर झोपतात की जमिनीवर? मच्छरदाणी आहे का? संडासाला दिवा आणि आतून कडी आहे का? मुलींच्या वसतिगृहात रात्री अधीक्षिका स्वतः मुक्कामाला असतात की फक्त हजेरीपुरत्या? रात्रीची हजेरी कोण घेते? (मेंढपाळ मोजत होता, हे आपण पाहिलेच.) ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, कशाने नेणार? असे विचारणे म्हणजे शिक्षकांवर अविश्वास दाखवणे नव्हे. चांगल्या अधीक्षकाला अशा पालकांचा आधारच वाटतो.

मोठी मुले लहानांना त्रास देतात, तो भागही आपण हसण्यावारी नेतो. कपडे धुवायला लावणे, खाऊ काढून घेणे, रंगावरून, जातीवरून, बोलीवरून नावे ठेवणे. 'जंगली' हा शब्द आपल्याच घरांतून मुले वसतिगृहात घेऊन जातात, हे कटू असले तरी खरे आहे. अशा मुलाला आवरायला हवे, पण त्याला चोपून काढले तर तो एवढेच शिकतो की मोठ्याने लहानाला मारायचे असते. नऊ वर्षांचा जॉन बॉस्कोही मुठी वळूनच धावला होता. त्याला थांबवणारा भेटला.

आणि काही मुले कोणालाच त्रास देत नाहीत, नुसती आतल्या आत विझत जातात. २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांत आपले राज्य सर्वांत पुढे होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत समुपदेशक असावा असे सांगितले. आडगावी समुपदेशक येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आठवडी बाजाराच्या दिवशी मुलाला भेटायला जाणारा बाप हाच त्याचा समुपदेशक. भेटीला जाल तेव्हा मुलाला फाटकाबाहेर, अधीक्षकांच्या नजरेआड घेऊन जा. घरच्या बोलीत बोला. "मार्क किती पडले?" हा प्रश्न शेवटी ठेवा. "रात्री झोप लागते का? तुला कोणाची भीती वाटते? कोणाजवळ बसायला आवडते?" असे विचारा. नको त्या जागी कोणी हात लावला तर तो कितीही मोठा माणूस असो, घरी सांगायचे, आम्ही रागावणार नाही, हे शाळा सुरू होण्याआधीच सांगून ठेवा. मुलींना सांगा, तसे मुलांनाही सांगा.

मुलाने काही सांगितलेच, तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि तेच तेच दहा जणांसमोर वदवून घेऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन रात्रंदिवस चालू असतो आणि पैसे पडत नाहीत. पोलिसांत जायची भीती वाटते, हे आम्ही जाणतो; या भागात तर ती अधिकच. पण पॉक्सो कायद्याने मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशाशिवाय. मुलाचे नाव बाहेर फुटू द्यायचे नसते. एकट्याने जायचे धाडस होत नसेल तर फादरना सांगा, सोबत कोणीतरी येईल.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर वसतिगृहात मुले ठेवणाऱ्या पालकांनी थोडा वेळ थांबावे. कोणत्या शाळेत आपली किती मुले आहेत याची यादी आपण करणार आहोत, म्हणजे त्या बाजूला बाजाराला जाणारा कोणीही बाकीच्यांच्या मुलांनाही भेटून येईल. अधीक्षकांचा फोन नंबर सोबत आणा. आणि मधल्या काळात एखादे मूल पळून आलेच, तर त्याला आधी जेवू घाला, अंघोळ घाला, झोपू द्या. मग विचारा. सांगायला त्याला दोन दिवस लागले तर दोन दिवस थांबा. एसटी तिसऱ्या दिवशीही सुटते.